एकाला पळवावे की जोडी जुंपावी?

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात, कोहमारा नावाचे गाव आहे. एका अंगाने गोंदियाचा रस्ता येऊन मिळतो, दुसऱ्या अंगाने नवेगावबांधचा रस्ता फुटतो. चौकातून रात्रंदिवस ट्रक धावतात आणि रस्ता सोडून चार पावले आत गेले की धानाच्या बांध्या लागतात. या चौकात चहा घेता घेता एका शेतकऱ्याने आमच्या एका शिक्षकमित्राला गाठले आणि विचारले, "गुरुजी, पोरगा म्हणते, कम्प्युटरचा खेळ अडकत अडकत चालते. एक तर आहे त्या कार्डाचा वेग वाढवतो म्हणते, नाही तर तसंच दुसरं जुनं कार्ड आणून दोन्ही जोडतो म्हणते. धानाचे पैसे आले आहेत. देऊ का त्याले?"

गुरुजींनी तो प्रश्न आमच्याकडे धाडला. प्रश्न घरगुती दिसतो खरा. पण याच प्रश्नाने गेल्या चाळीस वर्षांत मोठमोठ्या कारखानदारांना, शास्त्रज्ञांना आणि एकदा तर आपल्या देशाच्या सरकारलाही विचारात पाडले आहे. म्हणून उत्तर देण्याआधी त्याचा इतिहास सांगावा म्हणतो.

आधी हे कार्ड करते काय, ते पाहू. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. खेळातले चित्र हलते दिसायचे तर ते सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाच्या मुख्य मेंदूला हे ओझे पेलत नाही, म्हणून त्याकरिता वेगळे यंत्र बसवतात. तेच ग्राफिक्स कार्ड. ते कमी पडले की पडद्यावरचा धावता घोडा उड्या मारू लागतो. आता उपाय दोनच : आहे त्या कार्डाला पळवायचे, किंवा त्याच्या जोडीला दुसरे जुंपायचे.

पहिला उपाय जुना आहे. संगणकातले प्रत्येक काम एका ठोक्यावर चालते. वल्हे मारणारे नावाडी एका हाकेवर वल्हे मारतात तसे. हा ठोका स्फटिकाच्या कंपनातून मिळतो. १९८४ साली आय.बी.एम. कंपनीने ए.टी. नावाचा संगणक काढला. त्याचा ठोका सेकंदाला ६० लाख, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ होता. काही चतुर लोकांनी आतला स्फटिक उपटून जास्त वेगाचा बसवला आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झवर पळवले. कंपनीला हे रुचले नाही. तिने पुढच्या यंत्रांत असा बंदोबस्त केला, की ठोका ठरल्यापेक्षा जलद झालाच तर यंत्राने सुरूच होऊ नये. पण लोकांची हौस दांडगी. १९९८ साली इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला. तो ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकत. पण पुष्कळांच्या घरी तो ४५० वर सुखाने चालला. स्वस्तातल्या मालात महागड्या मालाचा वेग मिळाल्यावर कोण सोडतो? पुढे ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीतही हाच छंद सुरू झाला. याला इंग्रजीत ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपण सरळ 'ठोका वाढवणे' म्हणू.

पण बैलाला तुतारी टोचली – आपल्याकडे तुतारी, पश्चिमेकडे पराणी म्हणतात – तर तो किती पळेल? थोडा पळेल, मग फेस गाळील. यंत्राचा फेस म्हणजे उष्णता. चकतीत खर्च होणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, आणि विजेच्या दाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोका फार वाढवला की दाबही वाढवावा लागतो, एरवी यंत्र अडखळते. समजा, दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले. वर्गात फळ्यावर मांडून पाहा : १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. काम वाढले फार तर दहा टक्के, वीज आणि उष्णता वाढली तेहतीस टक्के. दोन्ही वीस टक्क्यांनी वाढवले, तर उष्णता सुमारे त्र्याहत्तर टक्क्यांनी वाढते. म्हणूनच विक्रमाच्या मागे लागलेले हौशी लोक उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन चकतीवर ओततात. घरच्या पंख्याचे ते काम नव्हे.

ही भिंत केवळ हौशी लोकांना लागली असे नाही. खुद्द इंटेलला २००४ साली तिच्यापुढे थांबावे लागले. वर्षानुवर्षे ठोका वाढवत नेणाऱ्या या कंपनीने त्या वर्षी आपला पुढला वेगवान प्रोसेसर रद्द केला आणि एका चकतीत दोन मेंदू बसवण्याचा मार्ग धरला. आज खिशातल्या फोनमध्येही आठ-आठ मेंदू असतात, त्याचे मूळ या माघारीत आहे.

आता दुसरा उपाय, जोडीचा. ग्राफिक्स कार्डांची जोडी पहिल्यांदा घराघरांत पोचवली ती अमेरिकेतील थ्रीडीएफएक्स या कंपनीने, १९९८ साली. तिच्या व्हूडू-२ या कार्डाची जोडी तारेने जोडता येई. वाटणी मोठी सोपी होती. पडद्यावर आडव्या ओळी असतात. एक ओळ एका कार्डाने रंगवायची, त्याखालची दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. दोन बाया एका बांधीत एकाआड एक तास धरून रोवणी करतात, अगदी तसे. त्या काळचे खेळ साधे होते. जोडी चांगली चालली आणि पडद्यावरचे चित्रही मोठे काढता आले. परंतु कंपनी काही टिकली नाही. २००० सालच्या डिसेंबरात तिची मालमत्ता घेण्याचा करार एन्व्हिडिया या कंपनीने केला. या एन्व्हिडियाने २००४ साली जोडीची कल्पना पुन्हा पुढे आणली. पाठोपाठ २००५ साली एटीआय कंपनीने क्रॉसफायर नावाने आपली जोडी आणली. पंधराएक वर्षे जाहिराती झळकल्या. दोन कार्डे, तीन कार्डे, चारसुद्धा! जणू पैसा ओतला की वेग आलाच.

पण वेग आला का? इथे जरा थांबून आपल्याकडचा शंकरपट आठवा. पटाच्या मैदानात बैलांची जोडी सुटते. एक बैल एकटा जितका पळतो, त्याच्या दुप्पट वेगाने जोडी पळते का? नाही. उलट जोडीचा वेग तिच्यातल्या संथ बैलाइतका. एक पुढे ओढू लागला आणि दुसरा रेंगाळला, तर गाडी वाकडी होते. मग जोडी जुंपायची कशाला? ओझे ओढायला. हीच गोष्ट आगगाडीची. १५ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने 'सुपर वासुकी' नावाची साडेतीन किलोमीटर लांबीची मालगाडी छत्तीसगडातील कोरब्याहून राजनांदगावपर्यंत चालवली. कोळशाने भरलेले २९५ डबे आणि ओढायला सहा इंजिने. सहा इंजिने होती म्हणून गाडी सहापट वेगाने धावली नाही. एका इंजिनाला न हलणारे ओझे मात्र तिने ओढून नेले. जोडीने ओझे वाढते, वेग वाढत नाही. हा भेद ध्यानात ठेवा, पुढचा सारा इतिहास यावर उभा आहे.

ग्राफिक्स कार्डांचे असेच झाले. नव्या जोडीत बहुधा अशी वाटणी असे, की पहिले चित्र एका कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने. समजा, एका कार्डाला एक चित्र काढायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो. दोन कार्डे मिळून सेकंदाला साठ चित्रे देतील. आकडा दुप्पट झाला खरा. पण खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर तिचा परिणाम दाखवणारे चित्र तयार व्हायला तो तिसावा भाग लागणारच. तो काही निम्मा होत नाही. त्यात दोन्ही कार्डांचा मेळ किंचित बिघडला, की दोन चित्रे लागोपाठ येतात, मग खंड पडतो, पुन्हा दोन लागोपाठ. आकडा साठ दिसतो. डोळ्याला मात्र धक्के जाणवतात.

आणखी एक गोम होती. कार्डावर स्वतःची स्मृती असते. चार जीबी स्मृतीची दोन कार्डे जोडली तर आठ होतील, असे भोळ्या गिऱ्हाईकाला वाटे. पण चित्र काढायला लागणारे सामान दोन्ही कार्डांजवळ हवे. म्हणून त्याच वस्तू दोन्हीकडे भरून ठेवाव्या लागत. कामाला येणारी स्मृती चारच राही. पुढे खेळही बदलले. नवे चित्र काढताना आधीच्या चित्रातला भाग वापरण्याच्या युक्त्या निघाल्या. मग दुसऱ्या कार्डाने पहिल्याचे काम होईपर्यंत हात जोडून बसायचे! २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १२ या व्यवस्थेने कामाची वाटणी करण्याची मोकळीक, आणि अर्थात जबाबदारीही, खेळ लिहिणाऱ्यांवर सोपवली. दोन कार्डे बाळगणारे गिऱ्हाईक मूठभर. त्यांच्यासाठी एवढी मेहनत कोण घेणार? फार थोड्यांनी घेतली. अखेर एन्व्हिडियाने जाहीर केले, की १ जानेवारी २०२१ पासून खेळांच्या जोडीसाठी नवी जुळणी पुरवणार नाही. २०२२ साली आलेल्या तिच्या सर्वांत मोठ्या घरगुती कार्डावर तर जोडीची तार लावायला जागाच ठेवली नाही.

मग जोडीची कल्पनाच खोटी, असे म्हणायचे का? तसे म्हणण्याआधी आपण पुण्याला जाऊ. कारण ज्या वाटेवर खेळवाले हरले, त्याच वाटेने आपले शास्त्रज्ञ जिंकले आहेत.

१९८० च्या सुमारास जगातले सर्वांत वेगवान संगणक अमेरिकेतील सेमूर क्रे यांच्या नावाने ओळखले जात. थोडे पण फार बलवान प्रोसेसर, हा त्यांचा मार्ग. भारताला मोसमी पावसाच्या अंदाजासाठी असे यंत्र हवे होते. त्यातले एकच प्रोसेसर असलेले एक यंत्र, क्रे एक्स-एमपी १४, अमेरिकेने दिले आणि १९८० च्या दशकाअखेर ते दिल्लीत बसले. मोठे यंत्र मात्र मिळेना. त्याचा उपयोग अण्वस्त्रांकडे होईल, अशी देणाऱ्यांना धास्ती होती. बलवान बैल बाजारात आहे, पण आपल्याला विकत मिळत नाही, अशी ही अवस्था.

तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. हे गृहस्थ आपल्या वऱ्हाडातले; अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मले आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले. केंद्राला मुदत मिळाली तीन वर्षांची आणि पैसा सुमारे तीस कोटी रुपये. एवढ्यात क्रे यांच्यासारखा एक अफाट प्रोसेसर बनवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी जोडीचा, नव्हे कळपाचा मार्ग धरला. ट्रान्सप्युटर नावाची ब्रिटनमधील इनमॉस कंपनीची चकती बाजारात मिळत असे. तिला चार बाजूंना चार शेजाऱ्यांशी बोलण्याची सोय होती. अशा चकत्या एकमेकींना जोडून १९९१ साली परम ८००० हा संगणक उभा राहिला. ६४ प्रोसेसरांचा, आणि वाढवून २५६ पर्यंत नेता येईल असा.

क्रे यांच्या नावावर एक विनोद सांगतात. ते म्हणत, शेत नांगरायचे असेल तर तुम्ही दोन दणकट बैल घ्याल की १,०२४ कोंबड्या? विनोद मार्मिक आहे. नांगर एकच असेल तर हजार कोंबड्यांचा काय उपयोग? पण काम नांगरणीचे नसून सांडलेले दाणे टिपण्याचे असेल, तर दोन बैल काय करतील? हजार कोंबड्या अंगण घटकाभरात साफ करतील. पावसाचा अंदाज हे असेच दाणे टिपण्याचे काम आहे. देशाच्या नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकट एकेका प्रोसेसरला द्यायची, आणि प्रत्येकाने हवेचे गणित करून केवळ शेजाऱ्याला आपला आकडा कळवायचा. परम यशस्वी झाला तो चकत्या जोडल्या म्हणून नव्हे; कामाची वाटणी करणाऱ्या आज्ञावली आपल्या लोकांनी मेहनतीने लिहिल्या म्हणून.

या वाटणीला मर्यादा आहे. ती जीन अ‍ॅमडॉल यांनी १९६७ साली दाखवून दिली. तिचे गणित आपल्या बांधीत करू. समजा, पऱ्हे उपटून, जुड्या बांधून बांधीपर्यंत पोचवायला दोन तास लागतात आणि ते काम एकालाच करता येते. त्यानंतरची रोवणी एका बाईची आठ तासांची. एकूण दहा तास. रोवायला दोघी आल्या तर आठाचे चार झाले. एकूण सहा तास लागले, पाच नव्हे. आठजणी आल्या तर एकूण तीन तास. आणि पन्नास आल्या तरी दोन तासांच्या खाली कोणी येणार नाही. न वाटता येणारे काम जितके, तितकी जोडीची धाव कमी. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण सहावी-सातवीच्या मुलांना जरूर घालावे.

पुण्याने हा मार्ग पुढे सोडला नाही. २००७ सालच्या नोव्हेंबरात टाटांच्या पुण्यातील प्रयोगशाळेतला 'एका' हा संगणक जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. आणि २०२० साली सी-डॅकचा परम सिद्धी-एआय त्याच यादीत त्रेसष्टावा आला. गंमत पाहा. या सिद्धीत ४२ पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीत आठ ग्राफिक्स प्रोसेसर. एकूण ३३६! ज्या एन्व्हिडियाने घरच्या खेळासाठी दोन कार्डांची जोडी मोडीत काढली, तिचीच ही ३३६ यंत्रे एकत्र राबतात. विरोध दिसतो, पण विरोध नाही. यंत्राला भाषा शिकवणे किंवा हवामानाचे गणित करणे, हे मालगाडीचे काम आहे. तिथे ओझे मोठे असते. पडद्यावरचा खेळ म्हणजे शंकरपट. तिथे वेळ मोजतात.

आता एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग घरच्या कार्डाचा वेग वाढला तरी कसा? तोही जोडीनेच वाढला, पण ही जोडी एकाच दावणीला, चकतीच्या पोटात बांधलेली आहे. २०२० सालच्या एका मोठ्या घरगुती कार्डाच्या चकतीत १०,४९६ छोटी गणकयंत्रे आहेत. सगळी एकाच स्मृतीतून घेतात, म्हणून वाटणीचे भांडण नाही. आणि ठोका वाढवण्याचे कामही कार्डाने स्वतःकडे घेतले आहे. २०१२ पासून कार्डे स्वतःचे तापमान आणि वीज पाहून आपला ठोका आपणच वाढवतात, तापली की उतरवतात. हौशी माणसाला हाताने वाढवायला आता फारसे उरलेले नाही. सहसा दहा टक्क्यांच्या आसपास मिळते, तेही थंड हवेत.

तर कोहमाऱ्याच्या त्या बापाला गुरुजींनी काय सांगावे? आमचे म्हणणे असे. दुसरे जुने कार्ड घेऊ नये. नव्या खेळांना ते ओळखता येणार नाही, बसल्या जागी वीज मात्र खाईल, आणि जुना वीजपुरवठ्याचा डबा दोघांचा भार घेईलच असे नाही. ठोकाही वाढवू नये. निदान मे महिन्यात, बाहेर पारा ४५ अंशांजवळ असताना तर मुळीच नाही. आधी डबा उघडून पंख्यात अडकलेली धूळ झाडावी. कोंडलेली हवा मोकळी झाली की दमलेले कार्ड पुष्कळदा आपोआप सावरते. खेळातल्या चित्राचा बारीकपणा एक पायरी उतरवावा. त्याला पैसा पडत नाही. इतके करूनही भागले नाही, आणि घरच्या खर्चात बसत असेल, तर आहे ते कार्ड विकून त्यात भर घालावी आणि एकच नवे घ्यावे. पण आधी खत-बियाण्याचे पैसे बाजूला काढावेत.

राहिला मुलगा. त्याने विचारलेला प्रश्न मात्र वाया जाऊ देऊ नये. पळवावे की जोडावे, हे ज्याच्या मनात आले, त्याला संगणकाची खरी गोडी लागली आहे. गुरुजींनी त्याला शाळेच्या संगणकावर बसवावे आणि एक काम द्यावे : पावसाळ्याच्या चार महिन्यांत रोज किती पाऊस पडला, ते आकडे घे आणि त्यांच्या बेरजेचे काम चौघांत कसे वाटशील, ते लिहून दाखव. कोणते काम वाटता येते आणि कोणते येत नाही, हे त्याला एकदा उमगले, की दुसऱ्या कार्डाचा हट्ट तो स्वतःच सोडील. मुरंब्याच्या मुलाने पुण्यात जाऊन हेच कोडे सोडवले होते, हेही त्याला सांगावे.